आवाज न करणारी केस

“केस बंद कर, पोरी. मी आहे तोवर बंद कर.”

बाबांचं हे वाक्य मला रोज ऐकू येतं. सकाळच्या मौनाच्या तासात तर हमखास. त्या तासात बोलायचं नाही एवढाच माझा नेम आहे. ऐकू येऊ नये अशी सोय त्यात नाही.

ते हे म्हणाले तेव्हा मी टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून बघत होते. हात टेकवत नव्हता इतका तो तापला होता, आणि आतले पंखे कोणी गळा धरल्यासारखे ओरडत होते. मी घरांची चित्रं करते. जी घरं अजून बांधलेली नाहीत, त्यांची. आर्किटेक्ट नकाशा पाठवतात, मी त्याप्रमाणे कॉम्प्युटरवर भिंती उभ्या करते, खिडक्या बसवते, जिने चढवते, आणि सकाळचं ऊन जमिनीवर कुठवर येईल तेही दाखवते. एकेक चित्र पुरं व्हायला यंत्र दोन-तीन तास राबतं. राबलं की तापतं, तापलं की पंखे सुटतात.

आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबांची खाट, आतल्या खोलीत माझं टेबल, मध्ये प्लायची भिंत. बाबांचं हृदय थकलं होतं. एका दमात त्यांना चार-पाच शब्दच जमायचे, म्हणून ते नेमके तेवढेच बोलायचे.

“करते बाबा,” मी टेबलाखालूनच म्हणाले.

“वचन?”

“वचन.”

आमच्या घरात तेव्हा दोन केस होत्या. एक टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या डब्यालाही केसच म्हणतात, आणि एक कोर्टात.

कोर्टातली माझ्या धाकट्या भावावर होती, आणि ती जिन्यासाठी होती. नवरा गेल्यावर मी बाबांच्या घरी परत आले, वरच्या मजल्यावर राहू लागले. खाली धाकटा आणि भावजय. वर जायचा जिना त्यांच्या बैठकीतून. एक दिवस मी कामावरून आले तर जिन्याच्या तोंडाशी नवं दार आणि दाराला कुलूप. धाकटा म्हणाला, “चोऱ्या होतायत गं ताई. किल्ली मागितलीस की मिळेल.” मागितलीस की! माझ्या बापाच्या घरात मी किल्ली मागायची! मी मागितली नाही. आवाजही चढवला नाही. आवाज चढवायचा नाही हाही माझा नेम आहे. मी वकीलबाई गाठल्या.

मी ते घर सोडलं, तेव्हा बाबा माझ्याबरोबर निघाले. एक पिशवी, आणि घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग. धाकटा दारात उभा राहून म्हणाला होता, “केस उभी आहे तोवर मी तुझी पायरी चढणार नाही.” सहा वर्षं त्यानं ते पाळलं. हट्टाच्या बाबतीत आम्ही दोघं एकाच आईचे. कोर्टाच्या व्हरांड्यात भेट व्हायची. तो म्हणायचा, “तू केस मागे घे, मी उद्या कुलूप काढतो.” मी म्हणायची, “तू आधी कुलूप काढ.” मग दोघंही आपापल्या बाकावर जाऊन बसायचो. बाबा सुरुवातीला यायचे. दोन बाकांच्या मध्ये उभे राहायचे, कुठल्याच बाकावर बसायचे नाहीत. मग पाय चालेनात, तेव्हा तेही थांबलं.

तर बाबा म्हणाले, केस बंद कर. आणि मी टेबलाखालची केस बदलायच्या मागे लागले.

लागले म्हणजे कशी, जिवाचा आटापिटा केला मी. तीन आठवडे वाचत होते. कुठली केस किती आवाज करते, कुठली किती थंड राहते, लोकांनी मोजून लिहिलेलं असतं. रात्रीचं जेवण झालं की कानाला हेडफोन लावून निरनिराळ्या पंख्यांचे आवाज ऐकायची. जोडणीवाल्याला फोन करायची. घरात दिवसभर एकच शब्द: केस. वकीलबाईंचा फोन आला तरी तोच आणि दुकानदाराचा आला तरी तोच. बाबा खाटेवरून ऐकत असायचे. त्यांनी कुठला फोन कुठल्या केसचा ते कसं ओळखलं असेल, देव जाणे.

दुकानदार पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. सगळे त्यांना अजून रेडिओवालेच म्हणतात. डोक्यावर औषधालाही केस नाही.

“केस पाहिजे होती,” मी म्हणाले.

त्यांनी टकलावरून हात फिरवला. “असते तर मीच नसते ठेवले, ताई?”

मला हसू आलं. ते म्हणाले, “कॅबिनेट म्हणा. इथे सगळे कॅबिनेट म्हणतात. केस म्हटलं की निम्मी माणसं वकिलाकडे जातात आणि निम्मी न्हाव्याकडे.”

मी मोबाइलमध्ये जुन्या डब्याचा फोटो दाखवला. पुढून काच, वरून सपाट झाकण, दिसायला अगदी शोकेसमधली वस्तू. त्यांनी तोंड वाकडं केलं.

“हा श्वास कुठून घेणार? नाक दाबून धरलंय तुम्ही याचं.”

“मला ती दाखवा, आतून फोमचं अस्तर असलेली. आवाज बाहेर येत नाही म्हणतात.”

“येत नाही. नुसतं बसून पत्रं लिहिणाऱ्याला ती ठीक. तुमचं यंत्र तीन-तीन तास भट्टीसारखं चालतं. फोममध्ये आवाज कोंडाल, तर त्याबरोबर गरम हवाही कोंडेल. मग पंखे दुप्पट पळतील, आणि तुम्ही मला शिव्या द्याल.”

“मी शिव्या देत नाही.”

“मनातल्या मनात द्याल. त्या जास्त लागतात.” त्यांनी मागच्या फळीवरून एक उंच काळी केस ओढून काढली. तिचं पुढचं अंग सबंध बारीक जाळीचं होतं. “हिचं तोंड उघडं आहे म्हणून ही ओरडत नाही. पुढून मोठे पंखे, वीतभर रुंद. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि हवा तेवढीच ओढतो. स्क्रूच्या खाली रबर आहे, म्हणजे थरथर पत्र्याला पोचत नाही. धुळीची जाळी खेचून काढा, धुवा, वाळली की लावा.”

मी पिशवीतून टेप काढली. ग्राफिक्स कार्ड एकतीस सेंटिमीटर, प्रोसेसरवरचा थंडाव्याचा ठोकळा सोळा. मी कागदावर लिहूनच आणलं होतं. दोन्ही बसत होतं.

“घरात कुणी आजारी आहे का?” त्यांनी विचारलं. “इतकी चौकशी आवाजासाठी करणारे दोनच, गाणी रेकॉर्ड करणारे आणि आजारी माणसाचे नातेवाईक.”

“वडील आहेत. ते म्हणाले केस बंद कर.”

“असं म्हणाले?” त्यांनी भुवया उंचावल्या. “म्हाताऱ्या माणसाला केस हा शब्द बरा माहीत!”

मी केस घेतली आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणली.

आता खरं सांगते. बाबांनी माझ्या कॉम्प्युटरला आयुष्यात कधी केस म्हटलं नाही. ते त्याला गिरणी म्हणायचे. “आज गिरणी उशिरा सुरू झाली.” “गिरणीतला डावा पंखा लंगडतोय, तेल मागतोय बघ.” चाळीस वर्षं घड्याळं कानाशी धरलेला माणूस; पंखा बिघडायच्या आठवडाभर आधी सांगायचे, आणि ते खरं निघायचं. गिरणीचा त्यांना त्रास होतो असं ते एकदाही म्हणाले नव्हते. हे सगळं मला माहीत होतं. रेडिओवाल्यांनी भुवया उंचावल्या तेव्हाही माहीत होतं. पण कोर्टाची पुढची तारीख जवळ आली होती, वकीलबाई म्हणत होत्या की निकाल आपल्या बाजूनं लागणार, आणि केस या शब्दाला दोन अर्थ होते. मी मला परवडणारा घेतला.

रविवारी दुपारी जमिनीवर जुनी चादर अंथरून बसले. एकेक स्क्रू वाटीत. मदरबोर्ड उचलून नव्या केसमध्ये ठेवला, तारा पाठीमागून ओढून बांधल्या, पुढचे पंखे हवा आत ओढतील आणि मागचा बाहेर टाकेल असे लावले, टिश्यू पेपरचा तुकडा समोर धरून दिशा तपासली. कागद जाळीला चिकटून राहिला. देवाची पूजासुद्धा मी इतक्या निगुतीनं केली नसेल. बाजूचं झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दिवा लावला, एक मोठं चित्र यंत्राला लावून दिलं आणि मौनाला बसले. सहा ते सात. यंत्र पूर्ण ताकदीनं चालू होतं आणि खोलीत दिव्याच्या वातीची चुरचुर ऐकू येत होती. मला फार बरं वाटलं. माझ्या प्रार्थनेला पहिल्यांदाच नीट जागा झाली असं वाटलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. “पोरी?”

मी उठून दारात उभी राहिले. बाबा उशीवरून मान उचलून कानोसा घेत होते. त्यांच्या कानाला गिरणी चालू नाही, मी कामाला बसलेली नाही, घर सगळं गप्प.

“केस बंद केलीस?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. हो.

“खरंच?”

मी पुन्हा हलवली.

त्यांनी हात पुढे केला. मी जवळ गेले, तर त्यांनी माझा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडे ओघळलं. पंख्यांच्या आवाजासाठी कुणी असं रडत नाही. मला त्याच क्षणी कळलं. पण तोंड उघडायचं नव्हतं. सातला अजून वीस मिनिटं होती.

पुढे सात वाजले.

“दाढी करून दे,” बाबा म्हणाले. “धाकटा येईल आज.”

मी गरम पाणी आणलं, गालांना साबण लावला. तेव्हा सांगता आलं असतं. पण दाढी करताना मी बोलत नाही, हात हलतो. दाढी झाली. मग त्यांना निळा सदरा हवा होता. मग खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसायचं होतं. मी सगळं केलं. त्या दिवशी मी त्यांचं इतकं केलं, इतकं केलं, की बोलायला सवडच झाली नाही.

“गिरणी गप्प झाली ते बरं,” ते म्हणाले. “जिन्यावरची पावलं ऐकू येतात.”

मग ते पावलं ओळखत बसले. ही समोरची वहिनी, चप्पल घासते. हा पेपरवाला, अर्ध्या जिन्यावरून फेकतो. हे वरचे मास्तर, मधे दम खातात. “धाकटा दोन-दोन पायऱ्या घेतो. लगेच कळेल.” कुणी जरा भरभर चढलं की त्यांचे हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट व्हायचे. पावलं वर निघून गेली की सैल पडायचे.

माझा फोन टेबलावरच होता. धाकट्याचा नंबर मला पाठ आहे. पण फोन करून सांगायचं काय? केस बंद केली म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं बोलायचं नाही हा माझा वीस वर्षांचा नेम. केस चालूच आहे, तरी ये, असं म्हणावं तर मी हरले. म्हणून मी बाबांना औषध दिलं, फोन उलटा करून ठेवला आणि कामाला बसले. आणि बाबांशीही मी खोटं बोलले नव्हतेच. केस बंदच होती. चारही स्क्रू लावून.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “कळवलंस ना त्याला?”

“कोर्टाकडून कळतं बाबा,” मी म्हणाले. हेही खरं आहे. कोर्टाकडून कळतंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आपणहून खुर्चीतून उठायला लागले. मी धरून खाटेवर आणलं. निळ्या सदऱ्याची बटणं ते स्वतःच काढायला लागले, पण बोटं ऐकेनात. ज्या बोटांनी केसाएवढे स्क्रू बसवले ती बोटं. मी काढली.

“आला नाही,” ते म्हणाले. मग दम घेतला. “केस बंद केलीस तरी नाही आला.” पुन्हा दम. “तुझंच खरं होतं, पोरी.”

सहा वर्षं मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. वकीलबाई, निकाल, जिना, सगळं त्यापुढे काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं की बाबांनी एकदा म्हणावं, तुझंच खरं होतं. ते म्हणाले, आणि माझ्या छातीत गोड वाटलं. मी लपवत नाही. क्षणभर गोड वाटलं.

“जाऊ द्या बाबा,” मी म्हणाले, आणि त्यांच्या अंगावर शाल घातली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता माझा.

ते गेले चौथ्या दिवशी दुपारी. पूर्वी यंत्र ओरडायचं तेव्हा मला बाहेरचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून दर पंधरा मिनिटांनी मी उठून त्यांना बघून यायची. आता शांत होतं. मला वाटलं, हाक मारली तर ऐकू येईलच. तीन तास मी एका अनोळखी घराचा जिना रंगवत बसले होते. चित्र छान झालं म्हणून पाठ टेकली, आणि लक्षात आलं की बाहेरून काहीच ऐकू येत नाहीये.

फोन समोरच्या वहिनींनी केला. अर्ध्या तासात जिन्यावर पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या. मला लगेच कळलं.

धाकटा उंबऱ्याशी थबकला. सहा वर्षांची सवय. मग भावजयीनं त्याच्या पाठीला हात लावला आणि तो आत आला, बाबांच्या पायाशी बसला. त्याचेही केस पांढरे झाले होते. बऱ्याच वेळानं वर न बघता त्यानं विचारलं, “माझं नाव काढलं होतं?”

“हो.”

“काय म्हणाले?”

खोटं बोलायचं नाही. मी गप्प राहिले.

“एक फोन करायचास गं,” तो म्हणाला. “केस गेली खड्ड्यात. आलो नसतो का मी?”

“असू दे आता,” भावजय म्हणाली. “ताईंनी एकटीनं किती केलंय बघताय ना.” आणि तिनं मला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. तिनं मला थोपटलं. तेही मी घेतलं.

त्यानंतर बारा दिवस झाले. रेडिओवाल्यांचा मधे एकदा फोन येऊन गेला. “कॅबिनेट काय म्हणतंय?”

“काही म्हणत नाही,” मी म्हणाले. “आवाजच करत नाही.”

“मग वडील खूश?”

मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “शेवटी शांतता मिळाली त्यांना, हेही काही कमी नाही ताई.” भला माणूस आहे.

वकीलबाई परवा म्हणाल्या, “उद्या नाही, परवा तारीख. आता तर आपली बाजू आणखी भक्कम. वडील अखेरपर्यंत तुमच्याजवळ राहिले, तुमच्यावरच विश्वास होता, हे मी मांडते.” मी म्हटलं, मला केस मागे घ्यायची आहे. “अहो, हातातोंडाशी आलेला निकाल!” त्या म्हणाल्या. “विचार करा.” मी म्हटलं, केला.

अर्ज मीच लिहिला. एका पानाचा आहे. तीन आठवडे मी केसबद्दल वाचत होते. अर्जाला अर्धा तास लागला.

आज सकाळी दिवा लावला, मौनाला बसले. त्या तासात बाबा बोलले ते बोललेच. सात वाजले. यंत्रावर एक चित्र चालू होतं, निम्मं झालेलं. एरवी मी चित्र अर्धवट तोडत नाही. आज बटण दाबलं. पंखे सावकाश थांबले. थांबल्याचं कळलंसुद्धा नाही, जाळीला हात लावून बघावं लागलं.

कोर्ट अकराला उघडतं. त्याआधी धाकट्याकडे जायचं आहे. बाबा त्याच्याविषयी काय समजून गेले, आणि ते कोणी समजू दिलं, हे मी त्याला त्याच्या बैठकीत बसून सांगणार आहे. अर्ज त्यानंतर. आधी अर्ज दाखवला तर तो मला माफ करेल, आणि मग मला बाकीचं सांगवणार नाही. मी स्वतःला ओळखते. ऐकून त्यानं हाकलून दिलं तरी अर्ज द्यायचाच आहे. मी करते म्हणाले होते.

कागद पिशवीत ठेवला. बाबांचं भिंग धाकट्याला द्यायचं म्हणून तेही घेतलं. दार ओढून घेतलं, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.